बिलं कोरी पडायच्या आत

नमस्कार मंडळी. मार्च लागला, दुपारी बाराला सोलापूरच्या चाटी गल्लीतनं चालवत नाही इतकं ऊन सुरू झालंय आणि ज्या दुकानात जावं तिथं एकच शब्द ऐकू येतोय, मार्च एण्ड. माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत थोडे लूम आणि गावात एक गाळा. हिशेब मी स्वतः बघतो, म्हणून आज तुमच्याशी मनापासून बोलायचंय. आपल्यातले बरेच जण रिटर्नची वेळ आली की बिलांनी भरलेली पिशवी सीएच्या टेबलावर नेऊन ओततात आणि म्हणतात, साहेब बघा काय ते. अहो, तुम्ही कोणाला काय दिलं, कशाला दिलं हे त्यांना कुठनं कळणार?

आधी बिलांचंच सांगतो. मागच्या एप्रिलमध्ये गाडीची डिकी उघडली, वर्षभराची बारीक बिलं तिथं कोंबलेली होती, पेट्रोलची, कुरिअरची, पॅकिंगच्या पिशव्यांची, आणि बघतो तर काही पार काळी पडलेली, काही कोरी, उजेडात तिरकं धरलं तर कुठं एखादा आकडा पुसट दिसायचा. हा थर्मल कागद असतो बघा, त्यावर शाई नसतेच, मशीनच्या उष्णतेनं अक्षर उमटतं, मग आपल्या सोलापूरच्या उन्हात डिकीत तो टिकणार कसा? तेव्हापासनं मी बिल हातात पडलं की तिथंच उभ्या उभ्या फोटो काढतो आणि घरात आम्ही नवरा-बायकोचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, त्यात टाकतो, खाली एक ओळ, कशाचं बिल आणि रोख की फोनपे. दहा सेकंदांचं काम आहे. तुम्ही आजपासनं करा की.

रोखीवरनं आठवलं, एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत, आणि हातउसने २० हजार किंवा त्याच्या वर असतील तर रोखीत घ्यायचेच नाहीत, मग देणारा सख्खा मेव्हणा का असेना. बँकेतनं घ्या, आणि स्टेटमेंटवर त्या एंट्रीसमोर पेनानं लिहून ठेवा कुणाचे ते, नाहीतर पुढं सीए विचारतो हे ५० हजार कसले आणि आपण डोकं खाजवत बसतो.

आता जीएसटी. मी ८० हजारांची मोटर आणि सामान घेतलं होतं, वर १८ टक्क्यांनी १४,४०० रुपये टॅक्स भरला. पक्कं बिल माझ्याकडं होतं, पण ज्यांनी माल दिला त्यांनी रिटर्न भरताना माझ्या जीएसटी नंबरातला एक आकडा चुकवला, त्यामुळं ते बिल माझ्या टू-बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला दिसणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत, आलंच नाही, आणि टू-बी मध्ये नाही म्हणजे इनपुट क्रेडिट नाही, खरेदीवर भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधनं वजा करता येत नाही. मला कळलं ते डिसेंबरात. मागच्या वर्षाची राहिलेली क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर, ती गेलेली. पैसे गेले ते गेलेच. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होतं, त्या रात्री आपली खरेदीची बिलं एकेक करून त्याच्याशी ताडून बघा, एखादं नाही दिसलं तर लगेच फोन लावा. वर्षाच्या शेवटी नका बघू हो.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शिल्लक मालाचं. ३१ मार्चला गोडाऊनमध्ये किती माल आहे हा आकडा बरेच जण अंदाजानं टाकतात. शिल्लक कमी दाखवली की नफा कमी दिसतो, जास्त दाखवली की नसलेल्या नफ्यावर टॅक्स, आणि ज्यांची बँकेत सीसी आहे, म्हणजे मालावर उचललेलं कॅश क्रेडिट कर्ज, त्यांनी बँकेला एक स्टॉक दिलेला असतो नि ताळेबंदात भलताच, मग दोन्हीकडं उत्तरं देत फिरायचं. आमच्याकडं ३१ तारखेला संध्याकाळी लूम बंद झाले की शटर अर्धं खाली ओढतो. आमच्याकडचे जुने मामा पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले, ते डझनाचे गठ्ठे तेलुगूत मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मी वहीत मराठीत लिहितो. तयार माल वेगळा, सुताचे कोन वेगळे वजनावर, लूमवर चढलेलं वेगळं, डाग पडलेले सेकंडचे टॉवेल वेगळे, कारण त्याला भाव कमी येतो आणि माल धरायचा तो आपल्याला पडलेली किंमत किंवा बाजारभाव, जो कमी असेल त्यानं. रात्रीचे दहा वाजतात, पण आकडा खरा असतो.

त्याच्या आधी, याच महिन्यात दोन कामं आहेत. जे अंदाजे नफ्याच्या योजनेत रिटर्न भरतात, म्हणजे रोखीवर ८ टक्के आणि बँकेतनं आलेल्यावर ६ टक्के नफा धरून, त्यांचा टॅक्स १० हजार किंवा वर होत असेल तर सगळा अ‍ॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत भरायचा, नाहीतर व्याज लागतं. दुसरं, पूर्ण हिशेब ठेवणाऱ्यांसाठी. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, असलेल्या छोट्या कारखानदाराकडनं माल घेतला असेल आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिले तर तो खर्च या वर्षी मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. नुसत्या व्यापाऱ्याकडनं घेतलेल्या मालाला हे नाही. तेव्हा आज रात्री उधारीची यादी काढा, कोण कारखानदार, कोण व्यापारी, समोर तारीख लिहा. मी स्वतः कारखानदार आहे, माझेही पैसे अडकतात, सूतवाल्याला तोंड दाखवायला नको वाटतं त्या दिवसांत, म्हणून ही यादी लवकर करा असं जरा जास्तच कळकळीनं सांगतोय.

१ एप्रिलला नवीन बिलबुक, पहिल्या नंबरापासनं. जुनं बिलबुक मोजलेल्या स्टॉकच्या वहीला दोऱ्यानं बांधून ठेवा. नमस्कार.