जुन्या रिव्हॉल्व्हरमधला फिटर कुठे गेला?

नमस्कार मंडळी. आज रिव्हॉल्व्हरबद्दल बोलायचं आहे, पण काडतूस किंवा नेमबाजी हा आजचा विषय नाही. आजचा विषय आहे कारागिरी. १९५० आणि ६० च्या दशकातलं अमेरिकन रिव्हॉल्व्हर ज्यांनी हाताळलंय, ते नवं हातात घेतल्यावर एकच वाक्य बोलतात: "ती मजा राहिली नाही." हे नुसतं जुन्याचं प्रेम आहे, की खरंच काही कमी झालंय?

माझं मत आधीच सांगतो. पोलाद आज जास्त चांगलं आहे. यंत्रं तर कितीतरी पटींनी चांगली आहेत. कमी झालाय तो शेवटच्या टेबलावर बसलेला माणूस, फिटर. सुटे भाग हातात घेऊन, कानस आणि ऑइलस्टोन मारून, ते एकमेकांत बसवणारा माणूस.

[स्क्रीनवर: स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची उजवी बाजू, जवळून]

या बाजूला एक झाकण आहे, त्याला साइडप्लेट म्हणतात. आतली सगळी यंत्रणा त्याच्यामागे असते. आता फ्रेम, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा मूळ सांगाडा, आणि झाकण यांच्यामधली फट शोधून दाखवा. स्क्रू दिसतात, पण जोड सहजी दिसत नाही. कारण हे झाकण त्याच फ्रेमवर घासून बसवलेलं आहे आणि दोन्हींना पॉलिश एकत्र केलेलं आहे. एका रिव्हॉल्व्हरचं झाकण दुसऱ्याला लावलं तर जोड लगेच उघडा पडतो. म्हणून जाणकार सांगतात, हे झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचं नाही. स्क्रू काढायचे, हातोडीच्या लाकडी दांड्यानं फ्रेमच्या मुठीकडच्या भागावर हलकेच टकटक करायचं, म्हणजे हादऱ्यानं ते आपोआप वर येतं. उचकटलंत तर कड चेपते, आणि ती कड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

हे झालं बाहेरून दिसणारं काम. नळीचं काम त्याहून नाजूक. नळी फ्रेममध्ये आट्यांवर फिरवून बसवतात. ती घट्ट बसली पाहिजे आणि त्याच क्षणी तिच्यावरची माशी, म्हणजे पुढची साइट, बरोबर बाराच्या काट्यावर उभी राहिली पाहिजे. जरा कमी फिरली तर माशी एका बाजूला कलते, जरा जास्त फिरली तर दुसऱ्या. जुना फिटर नळीचा खांदा थोडाथोडा घासून हे जुळवायचा. मग नळीची मागची बाजू आणि सिलेंडर, म्हणजे काडतुसं धरणारा फिरता भाग, यांच्यातली फट बघायची. इंचाच्या काही हजारांश एवढीच ती असते. फार ठेवली तर गॅस बाहेर जातो, फार कमी ठेवली तर सिलेंडर तापल्यावर अडकतो. नव्या रिव्हॉल्व्हरबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार कलत्या माशीची आहे. मला सगळ्यात जास्त वाईट तिचंच वाटतं, कारण ही चूक डोळ्यांना दिसते. मागून एकदा नीट बघितलं तरी कळते. म्हणजे बॉक्समध्ये जाण्याआधी कुणी बघितलंच नाही.

आता टायमिंग. चाप ओढला की आतली एक पट्टी वर सरकते आणि सिलेंडरच्या मागच्या दातांना ढकलून त्याला एक घर, म्हणजे एका काडतुसाची जागा, पुढे फिरवते. घर नळीसमोर आलं की खालून एक खिट्टी सिलेंडरच्या खाचेत पडते आणि तो अडकतो. हे सगळं घोडा, म्हणजे काडतूस उडवणारा मागचा हातोडा, पडायच्या आत व्हायला हवं, आणि सहाही घरांसाठी सारखं व्हायला हवं. कोल्ट या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची जुनी रचना आणखी एक पाऊल पुढे जायची. चाप पूर्ण मागे असताना ती पट्टी दातांवर दाब धरूनच ठेवते, त्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी सिलेंडर जराही हलत नाही. १९५५ साली हार्टफर्डमध्ये कोल्टनं पायथन हे मॉडेल आणलं ते याच जुन्या रचनेवर. तिचे भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात, की एक घासला तर दुसरे दोन बिघडतात. इथे नुसतं माप उपयोगाचं नाही, बसलेली नजर लागते.

पायथनचा तो प्रसिद्ध निळा रंगही बघा. हा रंग म्हणजे लेप नाही, पोलादाच्याच पृष्ठभागावर आलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आहे. तो एकही ओरखडा लपवत नाही. तुम्हाला दिसणारी खोली ही खालच्या पोलादाच्या पॉलिशची आहे. फिरत्या चाकावर, एकाहून एक बारीक पावडर लावत, तासन्‌तास केलेलं पॉलिश. त्यातही कसब कुठे कळतं? कडांवर. नवशिक्या पॉलिश करायला बसला की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खोलगट होतं. चांगल्या जुन्या पायथनवर सपाट भाग आरशासारखा असतो आणि कड तरीही धारदार. तासनतास चाकावर धरून कड न घालवणं हे वर्षानुवर्षांच्या सवयीशिवाय जमत नाही.

या कारागिरीचं टोक बघायचं तर १९३५ मध्ये जावं लागेल. स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस आणलं आणि त्यासोबत एक रिव्हॉल्व्हर, ज्याला रजिस्टर्ड मॅग्नम म्हणतात. ते ऑर्डरप्रमाणे बनायचं. नळीची लांबी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या टप्प्यानं, गिऱ्हाईक म्हणेल ती. साइट त्याच्या पसंतीची, मूठ त्याच्या पसंतीची. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक आणि मालकाच्या नावाचं प्रमाणपत्र. पहिलं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना दिलं. अमेरिकन सैन्याचे जनरल पॅटन यांनीही साडेतीन इंची नळीचं घेतलं होतं. किंमत ६० डॉलर, आणि तो महामंदीचा काळ होता. तरी मागणी एवढी आली, की १९३९ मध्ये नोंदणीची पद्धतच बंद करावी लागली.

इथे थोडा हिशेब करू. १९३५ चे ६० डॉलर म्हणजे महागाई धरून २०२० चे साधारण अकराशे. १९५५ चं पायथन १२५ डॉलरचं, म्हणजे साधारण बाराशे. आणि २०२० मध्ये कोल्टनं नवं पायथन आणलं ते १,४९९ डॉलरला. म्हणजे गिऱ्हाईक आजही जवळपास तेवढेच खरे पैसे मोजतंय, उलट थोडे जास्तच. मग फरक कुठे पडला? कुशल माणसाच्या तासात. वस्तूंच्या किमती ज्या वेगानं वाढल्या, त्यापेक्षा कसबी कामगाराचा तास जास्त महाग झाला. तेवढ्याच पैशात पूर्वीइतके तास आता विकत मिळत नाहीत, म्हणून कारखान्यांनी तास कापायला सुरुवात केली.

ही कापणी एका रात्रीत झालेली नाही. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या फ्रेमला पाच स्क्रू असायचे. १९५० च्या दशकाच्या मध्यात साइडप्लेटचा वरचा स्क्रू गेला, १९६० च्या सुरुवातीला चापाभोवतीच्या कडीच्या पुढचा गेला. १९८२ च्या सुमारास आणखी दोन गोष्टी गेल्या: नळी फ्रेममध्ये पक्की धरणारी आडवी पिन, आणि मॅग्नम मॉडेलमध्ये काडतुसाची मागची कडा आत झाकून घेणारी सिलेंडरची खोबण. पुढे १९९० च्या दशकात घोडा आणि चाप साच्यातून यायला लागले. यातली प्रत्येक कपात स्वतंत्रपणे बघितली तर समर्थनीय आहे. पिन नसली तरी नळी सुटत नाही. खोबण नसली तरी आधुनिक काडतुसाला काही होत नाही. पण एवढ्या कपाती एकत्र आल्या की हातात घेतल्यावर जाणवतातच.

आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. अमेरिकन पोलिसांच्या कमरेला जवळजवळ शतकभर रिव्हॉल्व्हरच होतं. १९८० च्या दशकात ग्लॉक हे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अमेरिकेत आलं. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा भरायला किती वेळ जातो यावर देशभर चर्चा झाली. १९९३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनीही सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांना परवानगी दिली. ज्या मालाची मोठी ऑर्डर संपते, त्याच्यासाठी कुठलाही कारखाना नवे फिटर तयार करत नाही.

कोल्टमध्ये तर याहून वाईट झालं. जानेवारी १९८६ मध्ये तिथे संप सुरू झाला आणि तो चार वर्षांहून जास्त चालला. कंपनीनं बदली कामगार ठेवले. दरम्यान सैन्याचं एम-१६ रायफलचं कंत्राट बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेलं. १९९२ मध्ये दिवाळखोरी, २०१५ मध्ये पुन्हा दिवाळखोरी. पायथन त्याआधीच, २००० नंतरच्या काही वर्षांत, बंद पडलं होतं. हा सगळा इतिहास वाचताना मला त्या टेबलांवरची माणसं आठवतात. हे कसब ड्रॉइंगमध्ये उतरत नाही. जुना माणूस शेजारी बसवून शिकवतो तेव्हाच ते पुढे जातं. मधली चार-पाच वर्षं तुटली की दोरा तुटतो.

स्मिथ अँड वेसनची मालकीही फिरत राहिली. १९६५ मध्ये बँगर पुंटा, १९८७ मध्ये ब्रिटिश टॉमकिन्स. टॉमकिन्सनं ती ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतली होती. २००० मध्ये क्लिंटन सरकारशी सुरक्षिततेचा करार केल्यावर गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला आणि २००१ मध्ये ती अवघ्या दीड कोटी डॉलरला, कर्जाच्या जबाबदारीसह, विकली गेली. घेणारी कंपनी बंदुकीची सुरक्षा कुलपं बनवणारी होती. त्यानंतर रिव्हॉल्व्हरच्या डाव्या बाजूला, सिलेंडर उघडायच्या कळीच्या वर, किल्लीचं भोक आलं. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चाहत्यांचा या भोकावर फार राग आहे. अलीकडे कंपनीनं काही मॉडेल पुन्हा कुलपाशिवाय आणली, यावरून तो किती टिकला ते समजा.

आता साच्यातल्या भागांबद्दल, कारण सगळा दोष त्यांच्यावर टाकला जातो आणि ते मला पटत नाही. या पद्धतीला एमआयएम म्हणतात. धातूची अतिशय बारीक भुकटी आणि मेणासारखा बांधणारा पदार्थ एकत्र करून साच्यात दाबून भरतात. मग बांधणारा पदार्थ काढून टाकतात आणि भट्टीत भुकटी एकजीव होईपर्यंत तापवतात. त्यात भाग चांगलाच आकसतो, पण किती आकसणार हे आधीच माहीत असतं, म्हणून साचा तेवढा मोठा करतात. हजारावा भाग पहिल्यासारखाच निघतो. नव्या स्मिथ अँड वेसनचा चाप कारखान्यातून येतानाच बहुतेकदा मऊ आणि एकसारखा असतो. जुन्या घडीव घोड्यावर कठीण करताना उमटलेले निळे-तपकिरी रंग असायचे, ते गेले. देखणेपणात तोटा झाला हे खरं, पण या भागांना कमअस्सल म्हणणं अन्याय आहे.

ओतीव फ्रेमचंही तसंच. रुगर या अमेरिकन कंपनीच्या बिल रुगर यांनी १९५० च्या दशकापासून मेणाच्या साच्यातली ढलाई वापरली. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आज रुगरच्या जीपी-१०० या रिव्हॉल्व्हरच्या दणकटपणावर कुणी शंका घेत नाही.

आणि जुनं सगळंच सोनं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसननं व्हिक्टरी मॉडेल बनवलं, खडबडीत राखाडी फिनिशचं. १९४४ मध्ये त्यातलं एक खाली पडून गोळी सुटली आणि अमेरिकन नौदलाचा एक खलाशी दगावला. त्यानंतर घोडा अडवणारा आतला भाग नव्यानं बनवला गेला, आणि ती सुधारणा पुढे कायम राहिली. सतत मॅग्नम गोळ्या झाडल्या तर जुन्या पायथनचंही टायमिंग बिघडायचं. ते पुन्हा जुळवणारे हात आज फार थोडे उरलेत. २०२० च्या पायथनमध्ये भाग कमी केलेत आणि मागच्या साइटखाली फ्रेमला जास्त पोलाद दिलंय. रचना म्हणून ते जास्त टिकाऊ आहे, असं माझं मत आहे. पण सुरुवातीच्या काही नगांमध्ये घोडा हलका पडण्याच्या आणि कडा न साफ केल्याच्या तक्रारी आल्या. रचना उत्तम, शेवटची नजर कमी. माझं सगळं दुखणं इथेच आहे.

तशी नजर आजही विकत मिळते. जर्मनीचं कोर्थ आणि फ्रान्सचं मान्युरिन एमआर-७३ अजून बनतात. एमआर-७३ हे फ्रान्सच्या जीआयजीएन या दहशतवादविरोधी पथकाचं रिव्हॉल्व्हर. दोन्ही हातानं जुळवलेली, आणि किंमत नेहमीच्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट.

[स्क्रीनवर: रिकामा सिलेंडर उघडून दाखवणे]

आता नवं किंवा जुनं, कुठलंही कायदेशीर रिव्हॉल्व्हर बघताना काय तपासायचं ते दाखवतो. आधी सगळी घरं रिकामी आहेत हे दोनदा बघा. मागून बघा, माशी सरळ उभी आहे का. उजेडासमोर धरून नळी आणि सिलेंडरमधली फट बघा, दोन्ही बाजूंना सारखी हवी. सिलेंडर पुढे-मागे ढकलून बघा, खेळ जेमतेम जाणवायला हवा. मग सिलेंडरला बोटानं हलकासा अडथळा देत घोडा अगदी सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी खिट्टी खाचेत पडल्याचा आवाज यायला हवा. हे सहाही घरांना करा, एकही सोडू नका. जुन्या कोल्टमध्ये चाप दाबून धरल्यावर सिलेंडर अजिबात हलता कामा नये. स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित हलतो, ती त्याची रचनाच आहे, तेवढ्यावरून नापास करू नका.

तुमच्याकडे नवं-जुनं शेजारी ठेवून केलेली निरीक्षणं असतील तर खाली जरूर लिहा, खास करून टायमिंगची. पुढच्या व्हिडिओत निळ्या रंगाच्या जुन्या आणि नव्या पद्धती बघू. भेटू.