गाडी दोनदा जोडावी लागते

(रत्नागिरीत मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, घरी गाडी बांधायला घेणारी माणसे आपल्या कोकणात कमी नाहीत. मांगरात, पडवीत किंवा आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपीत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जीप मला बहुतेक गावांत दिसते. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, "झालीच आहे, थोडेच काम उरले आहे." ते थोडे काम चार-चार, सहा-सहा वर्षे उरलेले असते. इंजिन बांधून झालेले असते, गिअरबॉक्स बसलेली असते, पत्र्याचे कामही आटोपलेले असते, आणि नेमकी तिथे गाडी अडते. आज मी या शेवटच्या टप्प्याविषयीच बोलणार आहे, कारण माझी सीजे-३बी जीप याच टप्प्यावर तीन वर्षे अडून राहिली होती, आणि ती पैशांमुळे नव्हे तर कामांचा क्रम चुकल्यामुळे अडली, हे मला फार उशिरा कळले.

घरी गाडी बांधण्याच्या या हौसेचे एक मोठे घराणे अमेरिकेत आहे, त्याला हॉट रॉड म्हणतात. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर १९३० च्या दशकात तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्या घेऊन येत आणि कोणाची किती वेगाने पळते ते पाहत. १९३२ साली फोर्डने २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत बसवले आणि या हौसेला खरी धार आली. मडगार्ड, टप, काच, जे वजन वाढवते ते सगळे काढून टाकायचे, इंजिन घरी खोलून सुधारायचे आणि गाडी पळवायची, अशी ती रीत होती. यातल्या कितीतरी गाड्या पक्क्या रंगाशिवाय, त्याखाली देतात त्या नुसत्या प्रायमरवर वर्षानुवर्षे धावल्या. मला त्या घराण्याकडून घ्यावीशी वाटते ती गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येईन.

एक मात्र इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे रस्त्यावर चालवायच्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने ते बांधून दिले आहे, आणि निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे मी इंजिन बदलले नाही, चासी कापली नाही, पुस्तकातल्या नोंदीला धक्का लावला नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे, पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि मला तर बाजाराला जाण्यासाठी गाडी हवी होती. म्हणून नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण हाच माझा मार्ग होता.

माझी जीप १९६० च्या दशकातली. तिचे चार सिलिंडरचे २.२ लिटरचे इंजिन तुमच्यापैकी अनेकांनी खोलले असेल. त्यात आत येणाऱ्या मिश्रणाचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि ते झाकण्यासाठी विलिस कंपनीने १९५३ मध्ये या जीपचे बॉनेट उंच केले. आपल्या महिंद्रांनी पुढे अनेक दशके तीच उंच बॉनेटची जीप बनवली. हे इंजिन मी अडीच वर्षांत स्वतः बांधले आणि मग उत्साहाच्या भरात ती चूक केली जी बहुतेक जण करतात. गाडी एकदाही चालवून न बघता मी तिला रंग देऊन घेतला, आणि तोही आषाढात.

रंग देणाऱ्याने माझ्या घाईला होकार दिला, हे त्याचे चुकले. पण आग्रह माझाच होता. पातळ केलेला रंग पत्र्यावर पडला की त्यातला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पत्रा थंड करतो. हवा आधीच ओलीचिंब असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरते आणि ओल्या रंगात अडकते. माझे हिरवे बॉनेट तासाभरात दुधाळ झाले, जणू त्यावर ताकाचा हात फिरवला होता. पॉलिश केल्यावर ते निघेल असे वाटले होते, पण निघाले नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. रंगवलेल्या चासीवर रंगवलेले इंजिन बसवले, नवी बॅटरी लावली आणि सेल्फ मारला. इंजिनाने अर्धा फेरा घेतला आणि ते थांबले. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चोक ओढून सेल्फ मारला तेव्हा चोकच्या मुठीपाशी बोट पोळले, आणि पाहतो तो केबलच्या वेटोळ्यातून धूर निघत होता. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह लागतो. तो इंजिनापर्यंत जाड तारेने जातो, पण बॅटरीकडे परतायला त्याला उघडे लोखंड हवे असते. माझे इंजिन रबरी माउंटिंगवर बसले होते, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी मी ताज्या रंगावर कसली होती, आणि रंग वीज वाहून नेत नाही. सगळ्या प्रवाहाला परतीची एकच वाट उरली होती, ती म्हणजे कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली ती बारीक चोकची तार.

शेजारी मिरकरवाड्याच्या बोटींची इंजिने दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि इतकेच म्हणाले, "भाऊ, आधी चालवायची, मग नटवायची. तुम्ही उलटे केलेत." त्या एका वाक्याने माझी तीन वर्षे कुठे गेली ते मला समजले. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी पुन्हा खोलायला घेतली.

माझे सांगणे असे आहे की गाडी दोनदा जोडावी लागते. पहिल्यांदा ती कच्ची जोडायची, त्या हॉट रॉडवाल्यांसारखी रंगाशिवाय, नुसत्या रेड ऑक्साइडच्या प्रायमरवर, पण पूर्ण: दिवे, ब्रेक, सायलेन्सर, गाद्या, सगळे बसवून. मग ती चालवायची. तिच्या सगळ्या खोडी निघाल्या की पुन्हा खोलायची, रंगवायची आणि दुसऱ्यांदा पक्की जोडायची. हे ऐकताना दुप्पट काम वाटते, पण प्रत्यक्षात दुसरी जोडणी माझ्याकडून सतरा दिवसांत झाली, कारण प्रत्येक भोक पाडलेले होते, प्रत्येक नळी वाकवून मापाची झालेली होती आणि प्रत्येक बोल्ट आपल्या नावाच्या डब्यात होता.

कच्च्या जोडणीत सर्वांत आधी ब्रेक. या जीपला चारही चाकांना ड्रम आहेत, एकच सर्किट आहे आणि मदतीला बूस्टर नाही. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून नळ्या सगळ्या नव्या घाला, त्यात काटकसर करू नका. नळ्यांत अडकलेली हवा काढण्यापूर्वी ब्रेकशू ड्रमला जवळ आणून घ्यावेत, नाहीतर पॅडल खोल जाते आणि आपण उगाच हवा शोधत बसतो. मग मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पॅडल दाबले की नळ्यांत तेल ढकलणाऱ्या सिलिंडरपासून, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून. माझी पुतणी पॅडलवर बसली होती आणि मी चाकाखाली. "दाब, धर," म्हटले की ती धरून ठेवी, मी चाकामागचे हवा सोडायचे निपल पाव फेरा सोडी, पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे येत, निपल कसला की मग "सोड." शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "काका, आता पाय दगडावर ठेवल्यासारखा लागतो." ब्रेक झाल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

ब्रेक ऑइलची फोडलेली बाटली आपल्या हवेत ठेवू नये. ते तेल हवेतले पाणी शोषते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या त्याच तेलासाठी मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबा घाट उतरताना ड्रम तापतात, तेल उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पॅडल तळाला जाते. उतारावर गिअरमध्ये उतरायचे हे आपले वडीलधारे सांगत आले, त्यामागचे कारण हेच आहे.

इंजिन पहिल्यांदा चालू करताना स्पार्क प्लग काढून, सेल्फने फिरवून, ऑइलचा काटा वर आला की नाही ते आधी पाहावे. व्हॉल्व्ह उघडणारी कॅम आणि तिच्यावर घासणारे टॅपेट नवे असतील तर इंजिन सुरू होताच ते आयडलवर, म्हणजे रेस न देता, सोडायचे नाही. मिनिटाला साधारण पंधराशे ते दोन हजार फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवायचे, म्हणजे कॅमवर उडणारे तेल पुरेसे मिळते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना बसतात. या वीस मिनिटांत पाणी तापते, गळती दिसते, वास येतो. माणूस बॉनेटपाशीच उभा असला पाहिजे आणि हाताशी अग्निशामक असला पाहिजे.

मग कच्ची गाडी रस्त्यावर. कागदपत्रे जिवंत असतील तरच, हे वेगळे सांगायला नको. मी पाचशे किलोमीटर चालवली. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने, साखरप्यापर्यंत आणि शेवटी आंबा घाट चढून-उतरून. जे निघाले ते गॅरेजमध्ये उभे राहून कधीच निघाले नसते. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या इतकी जवळ होती की मेच्या उन्हात चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. बॉनेटची कड एका बाजूला घासत होती. जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगला होता, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यापुढे टिकत नाही. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे घालावे लागले. पुढची चाके आतल्या बाजूला किती वळलेली आहेत ते दोरी ताणून मोजले, तर अंतर पुस्तकातल्या मापाच्या तिप्पट निघाले. ते दुरुस्त केल्यावर स्टिअरिंगचा थरथराट निम्म्याहून कमी झाला. एकूण अकरा दोष निघाले. त्यातल्या सहांसाठी भोक पाडावे किंवा वेल्डिंग करावे लागले. या वेळीही रंग आधी दिला असता तर त्या सहा जागी आज गंज असता.

आता रंग. आपल्याकडे रंगाचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही सकाळचे दव उडाल्यावर दुपारी चारपर्यंत. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर असले पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते, ते रोज सोडा आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा. जांभ्याची तांबडी धूळ बसू नये म्हणून आधी जमिनीवर पाणी मारा. पत्र्याचे खड्डे बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) उघडी ठेवून पावसाळा काढू नका. ती स्पंजासारखी पाणी पिते आणि पुढे रंगाखाली फोड येतात. हार्डनर घालायच्या रंगात आयसोसायनेट असते, ते फुफ्फुसांना कायमची इजा करू शकते. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम स्वतः करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या जोडणीत मी सर्वांत जास्त वेळ अर्थच्या जागांवर घालवला. प्रत्येक जागी रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडून पांढरे लोखंड काढले, दातेरी वायसर घातला, कसला, आणि मग वरून ग्रीस लावले. बॅटरीपासून चासीला एक, चासीपासून इंजिनाला एक आणि इंजिनापासून बॉडीला एक, अशा तीन जाड पट्ट्या. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्याची उघडी तार हिरवी पडते, म्हणून टोके डाग देऊन, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून बंद केली.

राहिले पाणी. आपण पाणी अडवण्याच्या मागे लागतो, पण जीपमध्ये पाणी येणारच. ते थांबू द्यायचे नाही. युद्धकाळातल्या जीपमध्ये तळाच्या पत्र्याखालच्या पट्ट्यांत लाकूड भरलेले असे. ते भिजून राही आणि पत्रा आतून खाई. पोकळ पट्ट्यांच्या सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचे भोक ठेवा, आतून मेण फवारा, आणि भोक रंगाने बुजले नाही ना ते तारेने तपासा. बोटीला गंजापासून वाचवायला लावतात तसा जस्ताचा ठोकळा गाडीला लावावा का, असे मला अनेकांनी विचारले आहे. बोटीचा तळ सतत पाण्यात बुडालेला असतो म्हणून तो ठोकळा काम करतो. कोरड्या-ओल्या होणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तो पैसा मेणावर घालावा.

गाडी बाहेर अंगणात उभी आहे. खाली झोपून पाहायला पोते अंथरले आहे, आणि मल्टिमीटर मी आणला आहे. एक काटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर कुठेतरी अर्थ सैल आहे. चला, तुमच्यापैकी दोघे पुढे या.