हवा कुठून आली?

(दृश्य: धक्क्याला बांधलेली बोट. किल्ली फिरते. टॅकोमीटरचा काटा.)

किल्ली फिरली, स्टार्टर कुरकुरला आणि इंजिन एकदम किंचाळलं. लिव्हर न्यूट्रलला, थ्रॉटलला कुणी हात लावलेला नाही, तरी टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या मीटरचा, काटा मिनिटाला 2000 फेऱ्यांवर. अशा वेळी माणसाचा हात हमखास लिव्हरकडे जातो. गिअर टाकू, लोड आला की बसेल खाली, असा हिशोब असतो. तो महागात पडतो. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या, खालच्या गिअरकेसमध्ये डॉग क्लच असतो, दातांत दात अडकवणारा. मोटारगाडीच्या क्लचसारखा तो घसरत-घसरत पकडत नाही. एवढ्या रेसवर ते दात एकमेकांवर आपटतात, आणि बोट बांधलेल्या दोरासकट पुढे झेप घेते. म्हणून आधी किल्ली बंद. किंवा किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची, लाल दोरी ओढायची.

आता शांतपणे पाहू.

थोडी जास्त रेस मुळात ठरवून दिलेली असते. फ्युएल इंजेक्शनचं फोर-स्ट्रोक इंजिन थंड असताना 1000–1200 फेऱ्यांवर चालतं आणि गरम झालं की 650 ते 800 च्या आसपास उतरतं. ते दोन-चार मिनिटांत आपोआप खाली येत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. उतरतच नसेल, किंवा सुरू होतानाच किंचाळत असेल, तर पुढचं ऐका.

(दृश्य: टॅकोमीटरची मागची बाजू. छोटी फिरकी.)

एक गंमत आधी सांगतो. काटाही खोटं बोलू शकतो. टॅकोमीटर मोजतो ते बॅटरी चार्ज करणाऱ्या कॉइलचे विजेचे ठोके, आणि एका फेऱ्याला किती ठोके धरायचे हे त्याच्या मागच्या फिरकीवर ठरतं. फेऱ्याला 6 ठोके देणाऱ्या इंजिनाला फिरकी 4 वर असलेलं मीटर लावलं, तर खऱ्या 700 फेऱ्या 1050 दिसतात. मीटर नवीन बसवल्यापासूनच ही तक्रार सुरू झाली असेल, तर कव्हर उघडायच्या आधी तिथे बघा. कानाला इंजिन नेहमीसारखं वाटतं आणि फक्त काटा वर, ही त्याची खूण.

दुसरी जागा सांगताना जरा लाज वाटते, पण सांगायला हवी. बऱ्याच रिमोट कंट्रोलच्या, म्हणजे केबलने इंजिनाला जोडलेल्या गिअर-थ्रॉटलच्या खोक्याच्या, लिव्हरच्या बुडाशी एक बटण असतं. ते दाबून किंवा ओढून लिव्हर पुढे केली की गिअर पडत नाही, नुसता थ्रॉटल उघडतो. थंड इंजिन सुरू करायला केलेली ही सोय. ती चालू राहिली की लिव्हर न्यूट्रलला असल्यासारखी वाटते आणि इंजिन बोंबलतं. आपण मात्र पान्यांची पेटी काढून बसलेलो.

तिथेही काही नसेल, तर मूळ प्रश्न विचारायचा. पेट्रोल इंजिनाची रेस हवेवर चालते. जेवढी हवा आत, तेवढी रेस. म्हणजे इंजिन ओरडतंय याचा अर्थ कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. कुठून, एवढंच शोधायचं आहे.

(दृश्य: कव्हर निघतं. थ्रॉटलचा हात आणि केबलचं टोक, जवळून.)

इंजिन बंद ठेवून थ्रॉटल केबलचं टोक इंजिनावरून सोडवा. आता थ्रॉटलचा हात बोटाने ढकलून सोडून द्या. तो टक्कन जाऊन आपल्या थांब्याच्या स्क्रूला टेकला पाहिजे. टेकत नसेल, तर सांध्यात मीठ साचलंय किंवा स्प्रिंग दमलीय. टेकला, तर केबल तशीच सुटी ठेवून इंजिन सुरू करा. रेस नेहमीची झाली? मग दोष केबलचा किंवा रिमोटचा. अर्धं घर एका पान्यात शोधून झालं! खाऱ्या पाण्यातल्या केबलचं टोक पाहिलंत तर पांढरट कवच चढलेलं दिसेल. आतली तार गंजून फुगते आणि लिव्हर मागे आली तरी ती स्वतः पूर्ण मागे येत नाही.

इथे बहुतेक लोक आयडल, म्हणजे न्यूट्रलमधली रेस, ठरवणारा स्क्रू फिरवून रेस खाली आणतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हवा दुसऱ्याच भोकातून येतेय आणि आपण बरोबर असलेलं दार बंद करतोय. मग गरम झाल्यावर इंजिन बंद पडतं आणि स्क्रू मुळात किती आट्यांवर होता हे कुणालाच आठवत नाही.

केबल सुटी असूनही रेस चढलेलीच असेल, तर इंजिन भलतीकडून हवा घेतंय. जागा ठरलेल्या: हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी चकती), ते मिश्रण सिलिंडरकडे नेणारं इनटेक मॅनिफोल्ड, रबरी नळ्या. नळी नुसती पाहून कळत नाही. बोटाने वाकवा. वरून काळी, ठणठणीत दिसणारी नळी वाकवली की टाचेला पडावी तशी भेग उघडते. थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच न उतरता वरच रेंगाळणं हेही याचंच लक्षण. गळती शोधायला सांध्यांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून बघणारे पुष्कळ आहेत. तो ज्वलनशील असतो, बंदिस्त इंजिनखोलीत मी तो हातात घेणार नाही. स्पार्कच्या तारा सांभाळून पाण्याचा बारीक फवारा मारला तरी गळतीच्या जागी इंजिनाचा सूर बदलतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणून तिथे जास्तीची हवा म्हणजे कमी पेट्रोल आणि कमी तेलही. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं.

इंजेक्शनच्या इंजिनात आणखी एक छोटी झडप असते, आयडलची हवा कंप्युटरच्या हुकमाने सोडणारी. काजळी किंवा मीठ बसून ती उघडीच अडकते. तिच्याकडे जाणारी नळी चिमटीत धरली आणि रेस धपकन उतरली, तर हवा तिथूनच येतेय. झडप साफ करूनही फरक पडला नाही, तर तापमानाच्या सेन्सरचं टर्मिनल बघा. त्यावर गंज चढला की विजेचा रोध वाढतो आणि कंप्युटर गरम इंजिनाला थंड समजतो.

(दृश्य: डिझेल इंजिनाचा एअर इनटेक.)

डिझेलचं गणित उलटं. तिथे रेस इंधनावर ठरते, म्हणून संशय रेस आवरणाऱ्या गव्हर्नरवर किंवा इंधनपंपाच्या अडकलेल्या रॅकवर, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या दांडीवर. पण इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या सीलमधून इंजिनाचं स्वतःचंच ऑइल आत जाऊ लागलं, तर किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. तेव्हा हवाच तोडावी लागते: इनटेकवर जाड फळी दाबायची किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक आत सोडायचं. हात कधीच लावायचा नाही.

(दृश्य: बोट पुन्हा पाण्यात. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार.)

शेवटची तपासणी पाण्यातच करा. जमिनीवर पाण्याचा पाइप जोडून चालवताना एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नसतो, त्यामुळे रेस थोडी जास्तच दिसते. तिथे लावलेला आयडल पाण्यात उतरल्यावर कमी पडतो. किल्ली फिरते. 1100. हजार. नऊशे. काटा 700 वर येऊन थरथरतो. लिव्हर पुढे... खट्.