बसलं म्हणजे जुळलं असं नाही : संगणकाचा एसएमपीएस बदलताना

मित्रहो, माझ्या हातून एकदा एका गृहस्थांच्या दोन हार्ड डिस्क जळाल्या. आजचं बोलणं मी तिथूनच सुरू करतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकातल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी, बदलण्याचं काम त्याआधीही मी बरीच वर्षं करत होतो, पण ते नीट कळलं त्या दिवशी.

काम साधं होतं. संगणकावर जड काम सुरू केलं की तो धाडकन बंद पडायचा. एसएमपीएस गेलाय हे मी तपासून नक्की केलं आणि त्याच कंपनीचा, थोड्या जास्त वॅटचा नवा एसएमपीएस आणला. दोन्ही मॉड्युलर प्रकारचे, म्हणजे वायरी पेटीतून निघालेल्या नसतात, त्या पेटीच्या पाठीवरच्या सॉकेटमध्ये खोचायच्या असतात. हार्ड डिस्कची जुनी वायर कॅबिनेटच्या मागून छान ओवून, टाय लावून बांधलेली होती. म्हटलं, ही कशाला सोडायची? नव्या पेटीत तिचा प्लग टक्कन बसला. क्लिपही लागली. बटण दाबलं, पंखे फिरले आणि दुसऱ्याच क्षणी जळक्या प्लास्टिकचा वास आला.

या वायरीचं हार्ड डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं, कारण ते मानकाने ठरलेलं आहे. पेटीकडच्या टोकाला मात्र असं कोणतंही सामायिक मानक नाही. कुठल्या पिनेवर किती व्होल्ट द्यायचे हे ज्याची ती कंपनी ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. प्लगचा आकार तोच, क्लिप तीच, आतली मांडणी निराळी. जुन्या पेटीत ज्या पिनेवर ५ व्होल्ट होते, तिथे नव्या पेटीत १२ होते.

डिस्कच्या सर्किटवर अशा प्रसंगासाठी टीव्हीएस डायोड नावाचा मुंगीएवढा भाग असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की जास्तीचा भार तो स्वतःवर घेतो, आणि तो फारच झाला तर स्वतः शॉर्ट होऊन बसतो. एका डिस्कवर त्याने हे काम चोख केलं. तो काढून टाकल्यावर डिस्क फिरली आणि मी लगोलग सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घेतला. दुसऱ्या डिस्कवर मात्र पुढच्या चिपही गेल्या होत्या. त्या डिस्कवर त्यांच्या मुलीचे लहानपणचे फोटो होते. ते मला परत देता आले नाहीत.

रॅम बिघडली तर रॅम जाते, पंखा बिघडला तर पंखा. एसएमपीएस मात्र संगणकातल्या प्रत्येक भागाला पोचलेला असतो. त्यामुळे इथे झालेली चूक एका भागापुरती राहत नाही. म्हणून आज मी स्क्रू कसे फिरवायचे यापेक्षा वायरींबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी निदान. एसएमपीएस खराब आहे असं ठरवण्याची आपल्याला फार घाई असते. संगणक अजिबात सुरू होत नसेल तर भिंतीतला प्लग, पॉवर कॉर्ड आणि पेटीच्या मागचा छोटा खटका पाहा. कॉर्ड दुसरी लावून बघा. हे हास्यास्पद वाटेल, पण चांगले एसएमपीएस केवळ एका सैल कॉर्डमुळे बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

खरोखर बिघडत चाललेल्या एसएमपीएसची लक्षणं ओळखता येतात. रिकामा असताना संगणक ठीक चालतो, ग्राफिक कार्डावर ताण आला की रीस्टार्ट होतो. सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर सुरू होतो, मग दिवसभर चालतो. यात बहुधा आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकत आलेले असतात. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू कमी होतो, आणि साधारण हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. धुळीने तुंबलेला पंखा एसएमपीएसला मारतो तो असा. बटण दाबल्यावर पंखा एक गचका देऊन थांबत असेल, तर मात्र थांबा. कुठेतरी शॉर्ट आहे हे ओळखून एसएमपीएस स्वतःला बंद करतोय, अशीही शक्यता असते. मग ग्राफिक कार्ड, डिस्क एकेक सोडवून पाहायचं. दोष दुसरीकडे असेल तर नवा एसएमपीएसही तसाच गचका देईल.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, आहे त्यांनी मदरबोर्डच्या २४ पिनांच्या प्लगकडे जरा प्रेमाने पाहावं. तो प्लग बरंच काही सांगतो. काळी वायर ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३. जांभळ्या वायरीवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो, तो संगणक बंद असतानाही चालू असतो. हिरव्या वायरीतून मदरबोर्ड एसएमपीएसला ‘सुरू हो’ म्हणतो, आणि करड्या वायरीतून एसएमपीएस ‘सगळे व्होल्टेज स्थिर आहेत’ असं मदरबोर्डला कळवतो. हे उत्तर आल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही.

प्लग बोर्डातच राहू द्या. मीटरची काळी सुई काळ्या वायरीशेजारी, लाल सुई जांभळ्या वायरीशेजारी प्लगच्या मागून आत सरकवा. ५ व्होल्ट दिसले नाहीत, आणि प्लग बोर्डातून काढून पाहिलं तरी दिसले नाहीत, तर एसएमपीएसचा स्टँडबाय भाग मेलेला आहे. दिसले, तर लाल सुई हिरव्या वायरीवर न्या. बटण दाबलं की तिथलं व्होल्टेज शून्याजवळ यायला हवं. आलं नाही, तर मदरबोर्डने सुरू हो म्हटलेलंच नाही. दोष समोरच्या बटणात किंवा बोर्डात आहे, आणि तुम्ही एसएमपीएसच्या खरेदीतून वाचलात. एवढी एक तपासणी शिकलात तरी माझं इथे येणं सार्थकी लागलं.

संगणक सुरू असताना १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६, ५ च्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ एवढी घट-वाढ मानकाला मान्य आहे. ताण दिल्यावर आकडा ११.४ च्या खाली गेला तर निदान पक्कं. हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून पेटी एकटीच सुरू करण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. तिने पेटी जागी होते की नाही एवढंच कळतं. भार पेलेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

पेटी उघडून दुरुस्त करता येईल का, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. ज्याने हे काम रीतसर शिकलंय त्यानेच तिथे हात घालावा.

नवा एसएमपीएस निवडताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, बाजूचं लेबल वाचा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. एखाद्या पेटीवर ५०० वॅट छापलंय आणि १२ व्होल्टला ३० अँपिअर, तर तुमच्या कामाचे ३६० वॅटच आहेत. ‘८० प्लस’चं चिन्ह हवंच, पण ते कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. आतले भाग किती टिकाऊ आहेत हे ते सांगत नाही. त्यापेक्षा किती वर्षांची हमी दिली आहे ते बघा. आणि कंपनीने जुळवून दिलेला तयार संगणक असेल तर आधी पेटीचं माप आणि प्लग तपासा. पेटीचं माप आणि प्लग ठरवणारं एटीएक्स हे मानक १९९५ सालापासून आहे, तरी ते न पाळणाऱ्या मशीन आजही मिळतात. काहींमध्ये तर प्लग एटीएक्ससारखाच दिसतो, पण वायरींचा क्रम वेगळा असतो. इथेही तेच, बसलं म्हणून जुळलं असं नाही.

आता प्रत्यक्ष काम. प्लग भिंतीतून काढा, समोरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. कुठली वायर कुठे लागली आहे त्याचा फोटो काढा. मग जुन्या वायरी सोडवा. २४ पिनांचा प्लग घट्ट असतो. त्याची क्लिप पूर्ण दाबा आणि सरळ वर ओढा. प्लग डावी-उजवीकडे हलवत काढला की बोर्ड वाकतो. मागचे चार स्क्रू काढताना एका हाताने पेटीला आधार द्या, नाहीतर ती बोर्डावर किंवा प्रोसेसरच्या कूलरवर आदळते. पेटीची जागा कॅबिनेटच्या तळाशी असेल, तर नवी पेटी बसवताना खाली जाळी असल्यास पंखा खाली, नसल्यास वर. मागे ११५-२३० असा लाल खटका असेल तर तो तुमच्या वीजपुरवठ्याप्रमाणे आहे ना, ते पाहा. २३० व्होल्टच्या ठिकाणी तो ११५ वर राहिला तर नवी पेटी पहिल्याच क्षणी फुटेल.

वायरींमध्ये एका जोडीची गफलत वारंवार होते. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला भावंडं. पहिला बहुधा चार-चार असा दुभंगतो, दुसरा सहा-दोन असा. एकात जिथे १२ व्होल्ट, तिथे दुसऱ्यात ग्राउंड. त्यांच्या खाचा वेगळ्या केलेल्या आहेत त्या यासाठीच. प्लग बसत नसेल तर जोर लावू नका, हातातला प्लग वाचा, बहुतेकांवर नाव छापलेलं असतं. मोठ्या ग्राफिक कार्डांचा सोळा पिनांचा नवा प्लग ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. तो शेवटपर्यंत आत गेला नाही तर वितळू शकतो. तो बसवल्यावर नखाने फट चाचपून पाहायची, आणि वायर प्लगच्या तोंडाशीच वाकवायची नाही.

सगळं जोडलं तरी पहिल्या वेळी मी डिस्क जोडत नाही. फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि लागत असेल तर ग्राफिक कार्ड. स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान, आलं, तिथले १२ आणि ५ चे आकडे पाहिले की बंद करतो, प्लग काढतो आणि मग डिस्कच्या वायरी लावतो. पाच मिनिटं जास्त लागतात.

आणि जुन्या पेटीच्या वायरी. नवी पेटी खोक्यातून काढण्याआधी मी जुन्या पेटीची प्रत्येक वायर कॅबिनेटमधून ओढून बाहेर घेतो, मागून कितीही सुरेख ओवलेली असली तरी. मग सगळ्या मिळून त्या पेटीलाच गुंडाळून टायने आवळतो आणि वर चिकटपट्टी लावून मॉडेलचा नंबर लिहितो. त्यानंतरच नवं खोकं उघडतो.