गाडी परत पुण्याला निघाली की काय?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीनं ज्यांनी काही वर्षांपूर्वी प्रवास केलाय, त्यांना दौंड आठवत असेल. गाडी थांबायची ती हलायचीच नाही. चहा पिऊन व्हायचा, भेळ खाऊन व्हायची. मग एक हिसका बसायचा आणि गाडी निघायची ती चक्क उलटी, आलो त्याच दिशेला! माझी आजी पहिल्यांदा झेलम एक्सप्रेसनं निघाली, तेव्हा तिनं घाबरून समोरच्या बाईंना विचारलं, "अहो, ही परत पुण्याला निघाली की काय?" त्या बाई सराईत. म्हणाल्या, "नाही हो आजी, इंजिन फिरवलंय. आता नगर लागेल." आजीचा विश्वास बसला तो नगर आल्यावरच.

भानगड रुळांच्या वळणात आहे. दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला १८७८ साली. उत्तरेकडून येणारी गाडी दौंडला सरळ सोलापूरकडे जावी, असं त्याचं वळण. दिल्लीहून बेंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस तशीच जाते, न अडखळता. पुण्याहून येणाऱ्याला मात्र दौंडात शिरून परत फिरायचं. इंजिन सोडा, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्या, जोडा, ब्रेक तपासा. गार्डही आपला पसारा घेऊन या टोकाचा त्या टोकाला. आणि तुमचा डबा इंजिनालगत असेल, तर तो आता शेवटून पहिला!

कधी कधी हा खटाटोप टाळायला लांबचा रस्ता परवडतो. पुण्याहून नाशिकला कल्याणमार्गे जायचं, तर कर्जतचा आणि कसाऱ्याचा असे दोन्ही मार्ग कल्याणच्या एकाच बाजूला फुटतात. म्हणजे तिथंही इंजिन फिरवणं आलं. म्हणून पुणे-भुसावळ हुतात्मा एक्सप्रेस कर्जतहून पनवेलला वळायची आणि कल्याणात मुंबईच्या बाजूनं शिरायची. वळसा खरा, पण तोंड नाशिककडे! वर पनवेलकरांना नाशिकची थेट गाडी मिळाली, ती वेगळीच.

पण या सगळ्याचा मूळपुरुष आपल्या बोरघाटात. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ असा, की ३७ फूट पुढं जाताना १ फूट वर. आणि खंडाळ्याच्या खाली डोंगर इतका अंगावर येतो, की गाडीला वळायला जागाच नाही. मग इंग्रज इंजिनिअरांनी वळणाचा नादच सोडला. कड्याच्या टोकावर एक स्टेशन काढलं, तिथं गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उरलेला चढ उलट्या दिशेनं चढायचा. एका बाजूला दरी, समोर नागफणीचा कडा, आणि इंजिन जोडलं जाईपर्यंत खिडकीतून बघत बसायचं. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे तिथंच वसूल! १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं.

दौंडलाही आता बाहेरच्या बाहेर वळणारी कॉर्ड लाईन आहे. मनमाडच्या बऱ्याच गाड्या तिथूनच जातात. वेळ वाचतो, यात वाद नाही. दौंडकरांना मात्र त्या गाड्या धरायला कॉर्ड लाईनच्या स्टेशनावर जावं लागतं. आजी आज असती, तर गाडी न थांबता सरळ नगरकडे वळलेली पाहून पुन्हा घाबरली असती. म्हणाली असती, "अगं बाई, दौंड आलंच नाही! चुकीच्या गाडीत बसलो की काय?"