सीटी स्कॅनच्या इंजेक्शनआधी काय सांगायचं, काय विचारायचं

नमस्कार श्रोतेहो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'सीटी स्कॅन, कॉन्ट्रास्टसह' असं लिहिलेलं असतं. सेंटरवर त्याला 'डाय' म्हणतात, त्यामुळे ते रंगाचं इंजेक्शन आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ते पाण्यासारखं स्वच्छ, किंचित दाट द्रावण असतं. त्यातल्या रेणूंमध्ये आयोडीन बांधलेलं असतं आणि ते क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. मोठ्या माणसाला बहुतेक तपासण्यांत 80 ते 100 मिलिलिटर लागतं.

सगळ्यात मोठा घोटाळा 'आयोडीनची ॲलर्जी' या शब्दांनी होतो. आयोडीन आपल्या रोजच्या मिठात असतं, त्याची ॲलर्जी होत नाही. कोळंबी, खेकडे खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांना त्रास होतो तो त्या प्राण्यांमधल्या प्रथिनांचा. एवढ्या कारणावरून स्कॅन नाकारू नये. दमा किंवा इतर ॲलर्जी असेल तर जरूर सांगा, धोका थोडा वाढतो. पण खरा महत्त्वाचा प्रश्न एकच: याआधी याच औषधाने त्रास झाला होता का? झाला असेल तर कोणत्या द्रावणाने? आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल ही वेगवेगळी द्रावणं आहेत. नाव कळलं तर दुसरं निवडता येतं, आणि पुन्हा त्रास टाळण्याचा तो मोठा उपाय आहे. काही रुग्णांना स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात, पण नेहमीच्या पद्धतीत पहिली गोळी तपासणीच्या 13 तास आधी घ्यावी लागते. म्हणून हे सगळं अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. टेबलावर झोपल्यावर सांगून फार काही करता येत नाही.

काही ठिकाणी अजून 'टेस्ट डोस' देतात. त्यावर भिस्त ठेवू नका. थोड्या औषधाने काही झालं नाही तरी पूर्ण मात्रेला प्रतिक्रिया येऊ शकते, आणि तीव्र प्रतिक्रिया त्या थोड्याशा औषधानेही येऊ शकते.

आता किडनी, कारण हे औषध तिच्यातूनच बाहेर पडतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. रिपोर्टवर ते 1.8 आहे असं समजा. 30 वर्षांच्या पुरुषाच्या बाबतीत किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, 50च्या आसपास निघते. तेच 1.8 पंचाहत्तरीच्या आजींचं असेल तर ती 30च्याही खाली जाते. म्हणून नुसता क्रिएटिनिनचा आकडा पाहून 'ठीक आहे' म्हणू नये. वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढायलाच हवा. शिरेतून द्यायच्या इंजेक्शनसाठी खबरदारीची रेषा 30 ही आहे. त्याखाली असाल, किंवा किडनीला नुकताच अचानक मार बसला असेल, तर डॉक्टर कॉन्ट्रास्टशिवाय भागतं का ते पाहतात, आणि द्यावंच लागलं तर सलाईन लावून देतात. मात्र मेंदूच्या झटक्याच्या (स्ट्रोकच्या) किंवा मोठ्या अपघाताच्या रुग्णासाठी क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये.

मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना सरसकट गोळी बंद करायला सांगितलं जातं. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी मंदावली तर ती शरीरात साठते आणि रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. ईजीएफआर 30च्या वर असेल आणि किडनीला नुकता काही धक्का बसलेला नसेल, तर सामान्यतः ती थांबवावी लागत नाही. 30च्या खाली असेल तर तपासणीच्या वेळेपासून 48 तास बंद, आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू.

उपाशी राहण्याबद्दल सेंटरचा नियम पाळा, पण पाणी चालेल का हे मुद्दाम विचारा. आजच्या द्रावणांसाठी कोरडा उपास गरजेचा नाही. मधुमेही आणि वृद्ध माणसाला तहानलेलं ठेवणं तर किडनीलाच जाचक. हृदयविकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र आपलं प्रमाण सोडू नये.

इंजेक्शन यंत्राने, सेकंदाला 3-4 मिलिलिटर अशा वेगाने जातं. अंगात गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे अपेक्षित आहे, मिनिटभरात ओसरतं. सुईच्या जागी दुखलं किंवा फुगलं तर मात्र लगेच ओरडून सांगा, संकोच नको. औषध शिरेबाहेर जात असतं. ते थांबवून हात उंच ठेवतात, थंड शेक देतात. बोटं बधिर पडली, वेदना वाढत गेली, कातडीवर फोड आले, तर सर्जनला दाखवावं लागतं.

गंभीर प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या 20 मिनिटांत येते. म्हणून अर्धा तास तिथेच बसा, हातातली सुईही तोवर राहू द्या. घसा आवळणं, धाप, चक्कर, अंगभर गांधी, काहीही जाणवलं तरी सांगा. लहान सेंटर चालवणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती: रक्तदाब कोसळत असेल किंवा श्वास अडत असेल तर पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. आधी स्टेरॉइड देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटं जातात.

अंगावर पाजणाऱ्या आईने दूध थांबवण्याची गरज नाही, दुधात उतरणारा अंश अगदी नगण्य असतो. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा थायरॉइडच्या कर्करोगासाठी रेडिओआयोडीन उपचार ठरला असेल, तर हे आधी सांगा. कॉन्ट्रास्टमुळे तो उपचार काही आठवडे पुढे ढकलावा लागतो.

पुरळ आठवडाभरातही उठू शकतं. म्हणून निघताना एका कागदावर द्रावणाचं नाव, किती मिलिलिटर दिलं आणि तारीख लिहून मागा. काही त्रास झाला असेल तर तो काय होता आणि किती वेळाने झाला, हेही त्यातच लिहून घ्या.