ट्रेलर मुलांना घाबरतो

नमस्कार श्रोतेहो.

मुलांसाठी म्हणून येणाऱ्या अ‍ॅनिमेशनपटांचे चार-पाच ट्रेलर ओळीने बघा. कुणीतरी धडपडतं, दणदणीत गाणं सुरू होतं, मध्येच थांबतं, एक विनोदी वाक्य येतं आणि पुन्हा गाणं. दोन-अडीच मिनिटांत उसंत म्हणून नाही. आवाजाचं सोडा, मला खटकते ती त्यामागची भीती. पोर क्षणभर गप्प बसलं तर ते हातचं गेलंच, अशी धास्ती या ट्रेलरांनी घेतलेली असते. सिनेमे मात्र अलीकडे बरेच धीट झालेत.

2024 चा ‘इनसाइड आउट 2’ घ्या. तेरा वर्षांच्या रायलीच्या डोक्यात अँग्झायटी, म्हणजे चिंता, ही नवी भावना चक्क एक पात्र होऊन राहायला येते. ट्रेलरमध्ये ती केशरी बाई ढीगभर सामान घेऊन दारात उभी राहते आणि हे कुठे ठेवू म्हणून विचारते. झकास आहे, हसू येतंच. पण सिनेमात हिच्याच पायी हॉकीच्या सामन्यात रायलीला धाप लागते, छाती धडधडायला लागते. आत अँग्झायटी वावटळीसारखी गरगरत असते, आणि त्या वावटळीच्या मधोमध ती स्वतः थिजलेली, डोळ्यांत पाणी. घाबरगुंडीचा झटका इतका नेमका मोठ्यांच्या सिनेमातही क्वचितच दिसतो. ट्रेलर बघून नुसता दंगा बघायला आलेल्या आईबापांना या प्रसंगाची काहीच कल्पना नसते. ती द्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही; पण सिनेमाचा स्वभाव तरी कळावा की नाही?

यात दिग्दर्शकाला फार बोल लावता येत नाही. ट्रेलर बहुधा जाहिरात विभागाकडून तयार होतो आणि टीझर, म्हणजे त्याच्याही आधीची छोटी झलक, येते तेव्हा सिनेमा बऱ्याचदा पुरता झालेलाही नसतो. मग टीझरपुरतं वेगळंच काहीतरी बनवतात. 2013 मध्ये ‘फ्रोझन’चा टीझर आला, त्यात गाजरासाठी बर्फावर झोंबाझोंबी करणारे एक बर्फाचा बाहुला आणि एक रेनडिअर होते. तो प्रसंग सिनेमात नाही. आणि ज्या दोन बहिणींवर सगळा सिनेमा उभा आहे, त्यांचा टीझरमध्ये पत्ताच नाही!

‘द वाइल्ड रोबोट’चा पहिला ट्रेलर मात्र मला मनापासून आवडला. संवाद जवळजवळ नाहीतच. जंगल, प्राणी आणि त्यांच्यात येऊन पडलेलं एक यंत्र. रंगवल्यासारखी झाडं आणि तो उजेड यांनाच बोलू दिलंय. ख्रिस सँडर्सच्या या सिनेमाचा पूर्वार्ध त्या ट्रेलरला जागतो. उत्तरार्धात पाठलाग आणि धडाधडी जरा जास्तच होते, तिथे सिनेमालाच ट्रेलरची लागण झाली की काय असं वाटतं. ‘मोआना 2’बद्दल एवढंच, की तो आधी मालिका म्हणून घाटत होता आणि ते तुकडे जोडल्याचं जाणवतं.

आता ‘फ्लो’. लॅटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोदिस यांचा हा सिनेमा ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनला आणि 2025 मध्ये ऑस्कर घेऊन गेला. एक मांजर, चढत जाणारं पाणी, एक होडी आणि तिच्यात जमलेले प्राणी. माणूस नाही, एक शब्द नाही. आवाज खऱ्या प्राण्यांचे; कॅपिबारा या थोराड, उंदराच्या जातकुळीतल्या प्राण्यासाठी मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरलाय, आणि काय शोभतो तो! शब्दच नाहीत म्हटल्यावर ट्रेलरवाले विनोदी वाक्यं आणणार कुठून? घरात चिमुरडं असेल तर त्याला शेजारी घेऊन बसा, कारण मांजर बुडायला लागलं की पोटात गोळा येतो.

ट्रेलर नकोच, हेही एकांनी करून दाखवलं. जपानचे नावाजलेले अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ जुलै 2023 मध्ये जपानात लागला तो एका पोस्टरच्या भरवशावर. ट्रेलर नाही, जाहिरात नाही. लोक गेले. अर्थात, हे मियाझाकींना खपून जातं. नवख्या दिग्दर्शकाने असं केलं तर पहिल्या खेळाला त्याच्या घरचेच तेवढे येतील. त्याला ट्रेलर लागणारच. त्यात दहा सेकंद तरी कुणी काही बोलू नये, एवढंच माझं मागणं आहे.

नमस्कार.